मामांचा उजवा हात

परभणी जिल्ह्यात आजवर जे काही चांगलं झालं ते माझ्या मामेसासऱ्यांच्या उजव्या हातानं झालं, आणि जे काही वाईट झालं ते निव्वळ इत्तेफाकानं, असं खुद्द मामेसासऱ्यांचं म्हणणं होतं. इत्तेफाक म्हणजे योगायोग. आमच्याकडची जुनी माणसं अजून हाच शब्द वापरतात, निजामाचं राज्य गेलं तरी शब्द राहिले. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहतात पूर्णेला. मालगाडीचे गार्ड म्हणून नोकरी केली आणि तिथंच घर बांधून निवृत्त झाले. सगळं गणगोत त्यांना मामाच म्हणतं, मीही म्हणतो, आणि ते मला 'जावईबापू' म्हणतात. हा शब्द ते अशा सुरात उच्चारतात की आपण कुणीतरी मोठे आहोत असं क्षणभर वाटावं आणि लगेच आपली लायकी आठवावी.

मामांच्या उजव्या हाताला गुण आहे, यावर आमच्या नात्यात दुमत नव्हतं. कुणाच्या शेतात बोअर घ्यायचा, नारळ मामांनी फोडायचा. कुणाची नवी गाडी, पहिली किल्ली मामांनी फिरवायची. दुकान असलं तर शटर त्यांनी वर करायचं, लग्न असलं तर मुहूर्तमेढ त्यांनी रोवायची. त्यांना न्यायला जीप यायची, जीप नसली तर ते आपल्या रेल्वेच्या पासावर स्वतःच यायचे. उतरल्याबरोबर उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवून चालायचे, ऊन लागू नये म्हणून. भाजीची पिशवी त्या हातात कधी घेतली नाही. नमस्काराला दोन्ही हात लागतात याचंसुद्धा त्यांना जरा वाईटच वाटत असावं. "याच हातानं हिरवी झेंडी दाखवली जावईबापू, जन्मभर," ते मला सांगायचे. "एक गाडी कधी अडली न्हाई." मी म्हणालो, "पण मामा, मालगाड्या तर तासन्‌तास उभ्या असायच्या." ते शांतपणे म्हणाले, "ते इत्तेफाक."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी परभणीत एका सरकारी कार्यालयात कारकून आहे आणि स्वतःला विज्ञानवादी समजतो. कार्यालयात विज्ञान दिनाला भाषण कुणी करायचं असा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बघतात. मला वाटायचं माझ्या विचारांमुळे बघतात. पुढे कळलं की दुसरं कुणी तयार होत नाही. अंधश्रद्धेवर मी दर वर्षी तेच भाषण करतो. आणि त्याच आठवड्यात कधीतरी पूर्णेला फोन करून विचारतो, "मामा, घरात नवी कपाटं आणलीयेत, येताय का जरा?" माझ्या स्वतःच्या हाताला कुठलाच गुण नाही. मी लावलेला कढीपत्ता जळतो. मी बारशाच्या बाळाला टाळ्या वाजवून हसवायला जावं तर ते रडायला लागतं. अशा माणसाला विज्ञानवाद परवडत नाही.

मी पहिली स्कूटर घेतली तेव्हा किल्ली अर्थातच मामांनी फिरवली. हँडलला हार घातला, सीटवर हात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ मिटले, इतका की शोरूमचा माणूस दुसरं गिऱ्हाईक बघायला निघून गेला. पुढच्याच पावसाळ्यात मी कृषी विद्यापीठाच्या फाटकासमोर भर रस्त्यात, विद्यार्थिनींचा मोठा घोळका बघत असताना, आडवा झालो. गुडघा फुटला, पँट फाटली. मी लंगडत पूर्णेला गेलो आणि मामांना जाब विचारला. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "गाडीला काय झालं?" "गाडीला काही नाही झालं." "मग? मी हात गाडीवर ठिवला हुता जावईबापू, तुमच्यावर न्हाई." मी त्यांच्याकडे जेवलो आणि परत आलो. ती स्कूटर अजून चालते. मीच अधूनमधून बंद पडतो.

एकदा निवांत चहा घेताना मी त्यांना छेडलं. म्हटलं, "मामा, तुमचं इत्तेफाक आणि तुमचं नशीब, यात नेमका फरक काय? घडायचं ते तर तेच घडतं." मामांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "इत्तेफाक कुणाचं नसतंय," ते म्हणाले. "पडलंय रस्त्यात. येणारा-जाणारा बघतोय अन्‌ पुढं जातोय. आन्‌ त्यालाच कुणी हात वर करून म्हणलं की हे माझं हाय, का ते झालं नशीब." मला हे बरं वाटलं, आणि म्हणूनच मी जरा जास्त हुशारी केली. म्हणालो, "मग तुम्ही चांगल्यालाच तेवढा हात वर करता. वाईटाला का नाही करत?" मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "वाइटाला कोण हात वर करील, जावईबापू? येडं हाय का कुणी?"

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मामा महिनाभर आधीपासून हात जपत होते. मुलगी पाथरीजवळच्या खेड्यातली, वडिलांचं किराणा दुकान. शिकलेली, बोलायला कमी, कामाला चटपटीत. साखरपुड्याचा नारळ मामांनी फोडला, मुहूर्तमेढ त्यांनी रोवली, आणि लग्न लागून नवी नवरी आमच्या दारात आली तेव्हा उंबऱ्यावर ठेवायचं तांदळाचं माप, तेही त्यांनीच भरलं. एकेक मूठ मोजल्यासारखी टाकली, वर तांदूळ सपाट केला, कुणाला हात लावू दिला नाही. सुनेनं उजव्या पायानं ते माप लवंडलं आणि ती आत आली. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसून, एवढं सगळं आपणच जुळवून आणलं अशा तृप्तीनं हसत होते.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. नवी सून आली आणि घरात अंधार, असं शेजारच्या काकू हसत हसत बोलल्या, पण बोलल्या. मग काही दिवसांनी माझी बायको न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडून घेतलं. हात गळ्यात अडकवून ती बसली असतानाच मुलाच्या कंपनीनं त्याचा करार वाढवला नाही. आणि मग माझी बढती हुकली. माझी बढती त्याआधीही दर वर्षी नेमानं हुकत होती, त्यात नवल करण्यासारखं काहीच नव्हतं. पण या वर्षीची हुकलेली बढती सुनेच्या पायगुणात धरली गेली. घरात कुणी आवाज चढवला नाही. फक्त बायको सुनेच्या हातचं पाणी घेताना क्षणभर थांबायला लागली. सुनेच्या ते लक्षात आलं होतं. ती तांब्या खाली ठेवायची आणि मागे सरायची.

मी अर्थातच भाषण केलं. वर्षानुवर्षं तयार असलेलं भाषण, पहिल्यांदाच घरात. म्हणालो, हा सगळा योगायोग आहे, ट्रान्सफॉर्मर विजेमुळे जळतो, मनगट साबणामुळे मोडतं, करार मालकाच्या मर्जीनं संपतो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "योगायोगानं माझा हात मोडला, योगायोगानं पोराची नोकरी गेली. मग मी आता योगायोगाशी भांडू का? कुठं राहतो तो?" माझं भाषण तिथंच संपलं. मुलगा ऐकत होता, काही बोलला नाही. तो माझ्यावर गेलाय.

आषाढ जवळ आला होता. आखाडात नवी नवरी माहेरी जातेच, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बायको म्हणाली, "तशीबी आखाडाला चाललीये, तर राहू द्या तिकडंच. घरातलं जरा निवळू द्या." किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. असे न सांगितलेले दिवस आमच्याकडे किती लांबतात हे सगळ्यांना माहीत असतं. दोन गल्ल्या सोडून एका घरातली मुलगी अशीच निवळायला म्हणून माहेरी गेली, ती अजून तिथंच आहे. सुनेनं पिशवी भरायला घेतली. तिनं हिवाळ्याचे कपडेही त्यात ठेवले, ते मी पाहिलं. पण बायकोलाही आतून रुतत असावं, कारण शेवटचा निकाल तिला स्वतःच्या तोंडानं द्यायचा नव्हता. तिनं पूर्णेला फोन लावला. नशीब आणि इत्तेफाक यांच्या बाबतीत आमच्या नात्यात मामांच्या शब्दापुढे अपील नव्हतं. ते जे म्हणतील ते होणार होतं, मुलगी राहायची की जायची तेसुद्धा.

मामा सकाळच्या गाडीनं आले. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, पलंगावर बसले. सुनेनं पाणी आणलं. तांब्या हातात न देता तिनं तो पलंगाजवळ खाली ठेवला आणि ती मागे सरली. मामांनी तांब्या उचलला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "बस बाई इथंच." ती दाराशी बसली. बायको रडवेल्या आवाजात सगळं सांगू लागली: अंधार, मनगट, नोकरी, माझी बढती. बढतीशी आल्यावर मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत बढतीबद्दल काडीचंही आश्चर्य नव्हतं. "आता तुमीच सांगा मामा," बायको म्हणाली. "हे इत्तेफाक हाय का नशीब?"

मला वाटलं, म्हणतील इत्तेफाक, त्यांचं नेहमीचं औषध तेच. पण बायकोचा चेहरा बघून मलाही कळत होतं की इत्तेफाक आता पुरायचं नाही. मनगट दुखत होतं, पोरगा घरी बसला होता. तिला कुणीतरी धनी हवा होता या सगळ्याचा. मामांनाही ते कळलं असणार. त्यांनी रिकामा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "माप कुणी भरलं हुतं?"

"तुमीच की, मामा."

"नारळ?"

"तुमीच."

"आन्‌ मेढ कुणी रोवली?" मामांनी आपला उजवा हात समोर धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "मग इचारायलीस काय मला?" ते म्हणाले. "हात उतरलाय माझा. लय दिवस झाले, मी कुणाला सांगितलं न्हाई. म्हाताऱ्या माणसाला लाज वाटती असं सांगायला. ह्या पोरीच्या पायाला काय झालंय? ती तर मी भरल्यालं माप ओलांडून आली. जे हाय ते मापात हुतं. हे सगळं माझं हाय."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मामांनी मग पुरावे द्यायला सुरुवात केली. पूर्णेत त्यांनी शटर उघडलेलं मिठाईचं दुकान बंद पडलं म्हणाले. कुणाच्या तरी बोअरला नुसती धूळ लागली म्हणाले. अमक्याच्या गाडीचं इंजिन बसलं, तमक्याची म्हैस आटली. आता त्या मिठाईच्या दुकानात मी मागच्याच आठवड्यात उभं राहून गरम जिलबी खाल्ली होती, आणि चुकीची माहिती दुरुस्त करणं हा माझा जुना रोग आहे. "अहो मामा, पण ते दुकान तर..." मी तोंड उघडलं आणि मामांनी पलंगाखालून माझ्या पायाच्या अंगठ्यावर आपली टाच दाबली. जोरात दाबली. अशी टाच त्या वयाच्या माणसाला कशी दाबता येते, याचं मला अजून नवल वाटतं. मी म्हणालो, "ते दुकान तर बंदच पडलं, हो. मीही ऐकलं." माझ्या आयुष्यात मी योग्य वेळी बोललेलं हे एकमेव वाक्य असावं, आणि तेही खोटं.

बायको मामांच्या गळ्यात पडून रडली. मग दाराशी बसलेल्या सुनेला तिनं हाक मारली आणि म्हणाली, "मामाला चहा टाक गं. आलं घाल." इतके दिवस ती सुनेला नुसतं 'चहा' म्हणत होती. सून उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ चहा आला नाही. मी बघायला गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती. पिशवीतले हिवाळ्याचे कपडे त्या दिवशी पुन्हा कपाटात गेले. आखाडात ती माहेरी गेली आणि ठरल्या दिवशी परत आली. बायको स्वतः स्टँडवर आणायला गेली.

अशी बातमी आमच्या नात्यात पसरायला वेळ लागत नाही. मामांचा हात उतरला हे आठवडाभरात पाथरीपासून पूर्णेपर्यंत सगळ्यांना कळलं. बायकोनं ज्या उत्साहानं सुनेला त्यातून सोडवलं त्याच उत्साहानं मामांना त्यात अडकवलं, आणि मी शेजारी बसून मान हलवली. मग जीप येणं थांबलं. "मामा, उन्हाचं कशाला येता," असे फोन जाऊ लागले. एका लग्नात त्यांना मांडवाच्या अगदी मागे, आचाऱ्याजवळ बसवलं होतं. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "हितं बरं हाय जावईबापू, पुऱ्या गरम मिळायल्यात." त्यांनी तीन पुऱ्या खाल्ल्या, दोन्ही हातांनी तोडून. उजव्या हाताला आता ऊन लागत होतं आणि तो धोतरात लपलेला नव्हता. मी आणखी पुऱ्या आणायला उठलो.

वर्षभरानं सुनेनं दुकान काढलं. आमच्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मिरची आणि मसाला कुटायचं यंत्र बसवलं, बँकेकडे सगळी धावपळ तिनंच केली. मुलगाही त्यात लागला, आणि मला पहिल्यांदाच तो माझ्यावर गेला नाही असं वाटलं. उद्‌घाटनाला कुणाला बोलवायचं यावर चर्चा झाली तेव्हा मामांचं नाव कुणी काढलं नाही. सुनेनं गुपचूप फोन केला होता, हे मला त्या दिवशी सकाळी कळलं, जेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर मामा बसलेले दिसले. सून रस्ता ओलांडून गेली. मीही तिच्या मागून गेलो.

"मामा, आत या. पयली मूठ तुमी टाका," ती म्हणाली.

"नको बाई. मी हितंच बरा."

"मला म्हाईत हाय सगळं," ती हळूच म्हणाली.

मामांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "म्हाईत हाय ना? मग डोकं चालीव की. मी हात लावला आन्‌ दुकान चाललं, तर सगळे म्हणतील मामाचा हात चांगलाच हुता. मग पयलं झालं ते कुणाच्या पायावर जाईल?" सून तिथंच रस्त्यात वाकली आणि त्यांच्या पाया पडली. मामांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "जा, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक खरंच आलं होतं. नारळ शेवटी माझ्या हातून फोडला गेला, आणि तो पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यातही नाही. मुलानं तो माझ्या हातून घेतला. यंत्र सुरू झालं, सगळी गल्ली शिंकू लागली. बायका डबे घेऊन आल्या, पोती आली. मामा दिवसभर टपरीवर बसून होते. जेवायला मी बोलावलं तर आले नाहीत. गर्दी ओसरली, सुनेच्या गल्ल्यावरची पहिली, दुसरी, दहावी, सगळी गिऱ्हाइकं होऊन गेली, तेव्हा ते रस्ता ओलांडून आले आणि उरलेल्या दोन बायकांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आल्यावर पावशेर मिरची घेतली. "कसा हाय धंदा?" त्यांनी परक्यासारखं विचारलं.

"चांगला हाय, मामा. तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं कशाचं, बाई," मामा म्हणाले. "इत्तेफाक हाय." आणि पुडी पिशवीत टाकून, संध्याकाळची गाडी गाठायला ते स्टेशनच्या रस्त्याला लागले.

मला त्यांच्या मागे धावत जाऊन काहीतरी म्हणायचं होतं. माझ्या घरातलं एक माणूस त्यांनी राखलं होतं, आणि त्यासाठी जन्मभर मिरवलेली एकच गोष्ट देऊन टाकली होती. मी दारात उभाच राहिलो. माझी बायको येऊन सुनेशेजारी उभी राहिली, आणि मामा वळणाआड जाईपर्यंत दोघी बघत होत्या. "काय हात हुता गं मामाचा एके काळी," बायको म्हणाली. सून गप्प राहिली. मग बायकोनं तिच्या केसांतली मिरचीची पूड आपल्या पदरानं झटकली आणि म्हणाली, "चल, दमलीस. भाकरी आज मी टाकते." त्या दोघी आत गेल्या. मी शटर ओढून घेतलं आणि थोडा वेळ तिथंच बाहेर बसून राहिलो.